पत्रपेटीवर नाव लागले का?

प्रश्न : माझा मुलगा अभियांत्रिकीची पदवी घेऊन सप्टेंबरअखेर पुढील शिक्षणासाठी जर्मनीला गेला. पंधरा दिवस झाले. तात्पुरत्या खोलीतून तो नुकताच वसतिगृहात राहायला गेला आहे; पण बँकेचे खाते सुरू झालेले नाही आणि आम्ही आधी भरलेले पैसेही त्याच्या हाती पडलेले नाहीत. गेला रविवार त्याने नुसत्या भडंगावर काढला, हे मला त्याच्या मित्राकडून कळले. रोज रात्री साडेनऊला मी फोन करते, तेव्हा ‘सगळं ठीक आहे’ एवढेच बोलून तो फोन ठेवतो. त्याचे वडील म्हणतात, आणखी पैसे पाठवू. मला वाटते, साजूक तूप आणि पेढे पाठवावेत, नाही तर त्याला सरळ परत बोलवावे. काय करावे?
— एक आई, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : ताई, तूर्त यांतले काहीच करू नका.

मुलाचा आवाज उतरला आहे हे खरे. पण तुम्ही लिहिलेल्या अडचणी पाहता त्याचे अर्धे दुखणे कागदपत्रांचे आहे. व्हिसासाठी तुम्ही ‘ब्लॉक्ड अकाउंट’मध्ये भरलेली रक्कम (सध्याच्या नियमानुसार वर्षाला ११,९०४ युरो) बुडालेली नाही. ती दरमहा ९९२ युरोंच्या हप्त्याने त्याच्या तिथल्या चालू खात्यात जमा होते आणि ते चालू खातेच अजून उघडलेले नाही. वडिलांनी आज आणखी पैसे पाठवले तरी ते जमा कोठे व्हायचे?

जर्मनीत घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगर कार्यालयात पत्त्याची नोंदणी करावी लागते. तिला ‘आनमेल्डुंग’ म्हणतात. त्यासाठी घरमालकाचे, म्हणजे त्याच्या बाबतीत वसतिगृहाचे, सहीचे पत्र लागते. तात्पुरत्या जागेत ते बहुधा मिळत नाही, त्यामुळे आतापर्यंत त्याचे काम अडले असावे. मोठ्या शहरांत नोंदणीची वेळ लवकर मिळत नाही. तेव्हा वेळ मागितल्याचा पुरावा त्याने जपून ठेवावा. बऱ्याच बँका या नोंदणीचा दाखला मागतात आणि करक्रमांकही नोंदणीनंतरच टपालाने येतो.

आता एक बारीकशी गोष्ट, जी मला कोणी सांगितली नव्हती. तिथल्या पत्त्यात सहसा खोलीचा क्रमांक नसतो. इमारतीच्या दाराशी पत्रपेट्यांची रांग असते आणि पेटीवरचे आडनाव पाहूनच टपाल टाकले जाते. आपल्याकडे पोस्टमनमामा ‘पाटलांचा धाकटा ना?’ असे विचारत घर शोधून काढतात. तिथे नाव नसेल तर पत्र मुकाट्याने परत जाते. मी विद्यार्थी म्हणून गेलो, तेव्हा बँकेने कार्ड आणि त्याचा गुप्त क्रमांक अशी दोन वेगवेगळी पाकिटे पाठवली आणि ती दोन्ही परत गेली. तीन आठवडे मी बँकेला दोष देत होतो. शेवटी शेजारच्या मुलाने वहीचा कागद फाडून माझे आडनाव ठळक अक्षरांत लिहिले आणि चिकटपट्टीने पेटीवर लावले. पुढची पाकिटे बिनबोभाट आली.

भडंगाच्या रविवाराचेही फार मनावर घेऊ नका. रविवारी तिथली जवळजवळ सगळी दुकाने बंद असतात. मोठ्या रेल्वे स्थानकांतली काही दुकाने तेवढी उघडी असतात. शनिवारी बाजार करायचा, हे एका उपाशी रविवारात कळते. दुसऱ्यांदा सांगावे लागत नाही. एरवी विद्यापीठाच्या भोजनालयात, म्हणजे ‘मेन्झा’त, माफक दरात दुपारचे गरम जेवण मिळते. तूप आणि पेढे मात्र पाठवू नका. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे किंवा मांसाचे पदार्थ खाजगी सामानातून अथवा पार्सलने नेण्यास मनाई आहे. घरचा कांदा-लसूण मसाला पाठवायला हरकत नाही. फक्त फोडणी करताना खिडकी उघडी ठेवायला सांगा, कारण छतावरचे धूरसूचक यंत्र कोल्हापुरी फोडणी ओळखत नाही.

तुमचा साडेनऊचा फोन त्याला संध्याकाळी सहाला जातो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळे एक तास मागे जातील. मग तिथे पाचच वाजलेले असतील आणि डिसेंबरात तर तेव्हा अंधार पडलेला असेल. दिवसभर परक्या भाषेत खिंड लढवून खोलीवर आलेल्या मुलाला त्या वेळी ‘जेवलास का?’ या प्रश्नाचे खरे उत्तर देणे जड जाते. शनिवारी किंवा रविवारी, त्याच्या सकाळी, निवांत बोला.

परत बोलावण्याचा निर्णय या पंधरवड्यात घेण्याजोगा नाही. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाल्यापासून आपल्या कोल्हापूरच्या वसतिगृहांत खेड्यांतून आलेली किती मुले पहिल्या महिन्यात रडली असतील! मात्र त्याची झोप उडाली, तो वर्गात जाईनासा झाला किंवा आणखी महिनाभरही असाच अबोल राहिला, तर थांबू नका; ‘श्टुडिएरेंडेनवेर्क’ या विद्यार्थी-कल्याण संस्थेची समुपदेशन सेवा असते, तिथे त्याला जायला सांगा.

येत्या रविवारी त्याला ‘कसा आहेस?’ असे विचारू नका. पत्रपेटीवर नाव लावलेस का, आणि कोणाकडून चिकटपट्टी मागून आणलीस, एवढे विचारा.