‘वार लावून जेवणे’ म्हणजे माधुकरीच का?

एका ताईंना पणजोबांची जुनी वही सापडली, त्यात ‘पुण्यास वार लावून जेवलो व मॅट्रिक झालो’ असं एक वाक्य आहे. त्यांची मुलगी विचारतेय की हा कुठला वार, तलवारीचा का सोमवारचा, आणि ताईंचा स्वतःचा प्रश्न असा की म्हणजे पणजोबा माधुकरी मागत होते असंच समजायचं ना?

आधी मुलीचं उत्तर देतो, ते सोपं आहे. हा सोमवार-मंगळवारातलाच वार. तलवारीचा नाही, नऊवारीतला कापड मोजायचा तर नाहीच नाही. पण सोमवारातला ‘वार’ म्हणजे तरी काय, तर संस्कृतात ‘वार’ म्हणजे पाळी, ठरलेली वेळ. आज रवीची पाळी म्हणून रविवार, उद्या सोमाची म्हणून सोमवार. मराठीत तो जुना पाळीचा अर्थ अजून जिवंत आहे, फक्त आपल्या लक्षात येत नाही. ‘वारंवार सांगितलं’, ‘पुन्हा एकवार बघून घे’, यातला वार तोच. म्हणून ‘वार लावणे’ मध्ये दोन्ही अर्थ एकावर एक बसलेत, आठवड्याचा वार पण आणि तुमच्या घरची पाळी पण. सात वार, सात घरं, प्रत्येक घरी आठवड्यातून एक दिवस गरीब विद्यार्थी जेवणार, असा तो हिशेब.

आता ताईंचा प्रश्न. नाही, माधुकरी वेगळी. आजकाल सत्काराच्या भाषणात, श्रद्धांजलीच्या लेखात दोन्ही शब्द सर्रास एकमेकांच्या जागी टाकतात, ‘माधुकरी मागून, वार लावून शिक्षण घेतलं’ असं एका दमात म्हणून मोकळे होतात. पण ज्यांनी हे भोगलंय त्यांच्या दृष्टीने यात जमीनअस्मानाचा फरक होता, आणि एक मुलगा कधी हे कधी ते करत असला तरी दोन्हीला एक म्हणत नसे.

माधुकरी हा शब्द मधुकरावरून, म्हणजे भुंग्यावरून. भुंगा एकाच फुलावर तुटून पडत नाही, इथून थोडं तिथून थोडं घेतो, फुलाला काही होत नाही. ही उपमा फार जुनी आहे, धम्मपदात पण आहे की भुंगा जसा फुलाला न दुखवता रस घेऊन जातो तसं मुनीने गावात फिरावं. धर्मशास्त्रात संन्याशाच्या भिक्षेचे जे प्रकार सांगितलेत त्यातही ‘माधुकर’ आहे. म्हणजे मुळात हा संन्याशाचा आणि मुंज झालेल्या बटूचा शब्द, तो पुढे गरीब विद्यार्थ्यांनी चालवला. दुपारी झोळी आणि हातात तपेली घेऊन निघायचं, दारात उभं राहून ‘ओम भवति भिक्षां देहि’ म्हणायचं, आतून कोणीतरी येऊन पोळीचा तुकडा नाहीतर मूठभर भात झोळीत घालणार, पळीभर आमटी तपेलीत ओतणार, की पुढचं घर. पाच-सात घरच्या आमट्या एकाच तपेलीत. त्याची चव कशी लागत असेल ते ज्याचं त्याने ठरवावं. आणि शिजवलेलं न घेता कोरडं धान्य, पीठ मागायचं तर त्याला अजून तिसरा शब्द, ‘कोरान्न’.

वाराचं तसं नाही. वाराला मुलगा उंबऱ्याच्या आत येतो. त्याच्यासाठी पाट मांडतात, पान वाढतात, घरातल्या पंगतीला बसून तो जेवतो, गरम जेवतो. अमुक वारी हा येणार हे घरच्या बाईला माहीत असतं आणि तेवढे तांदूळ ती जास्तीचे धुते. फुकट म्हणजे अगदीच फुकट असंही नव्हतं, विहिरीचं पाणी काढ, फुलं आणून दे, घरच्या पोराला पाढे शिकव, असलं काहीबाही असायचंच, पण ते कुणी बोलून ठरवत नसे.

मला यात सगळ्यात गंमत वाटते ती क्रियापदाची. माधुकरी ‘मागतात’. कोरान्न ‘मागतात’. वार मात्र ‘लावतात’. आता हे ‘लावणे’ मराठीत कुठे कुठे येतं बघा, दूध लावणे, पेपर लावणे, क्लास लावणे, मेस लावणे, डबा लावणे. कायमची, रतीबाची व्यवस्था ठरवून टाकणे म्हणजे लावणे. या सगळ्यांत महिन्याच्या शेवटी पैसे मोजावे लागतात, वाराला नाही, पण वाक्य ऐकून ते कळत नाही! ‘मी गुरुवारचा वार अमक्यांकडे लावलाय’ हे वाक्य ‘मी अमक्यांकडे डबा लावलाय’ च्या थाटातच उभं राहतं. लावणारा मुलगा आहे, कर्ता तो आहे. घरवाले वार ‘देतात’, मुलगा ‘लावतो’. पंधरा वर्षांच्या पोराला मिशा फुटायच्या वयात दुसऱ्याच्या घरी जेवताना मान वर ठेवायला एवढं एक क्रियापद पुरत असणार असं आपलं माझं मत आहे, याला पुरावा नाही.

आमच्या घरात हा शब्द आजोबांमुळे आला. त्यांचे सातपैकी सहाच वार लागले होते, सोमवार कायम रिकामा. सोमवारी काय करायचात विचारलं तर म्हणायचे शंकराचा वार, उपास करायचो, आणि मग आजी आतून ओरडायची की खोटं सांगू नका पोरांना. गुरुवारचं घर दत्तभक्तांचं, त्यांचाच उपास, त्यामुळे तिथे गेलं की साबुदाण्याची खिचडी एवढीशी आणि वर ताक. मंगळवारच्या घरी सून बाळंत झाली, दहा दिवस सोयर, बाहेरच्याला जेवायला घालता येईना, त्यात नेमके दोन मंगळवार सापडले. आजोबा म्हणायचे त्या पोराच्या बारशाला मला बोलावलं होतं, मी गेलो, पण मनातून त्या पोरावर माझा राग होता. तर ‘वार बुडाला’ हा त्यांच्या तोंडचा प्रयोग मी तिथे ऐकला, नंतर बस चुकली तरी ते ‘आज वार बुडाला’ म्हणायचे.

आता यातली एक गोष्ट कौतुकाच्या भरात राहून जाते म्हणून मुद्दाम लिहितो. ‘आत येऊन पाटावर बसणे’ हा वाराचा गाभा आहे म्हटलं ना, मग आत कुणाला घेत होते? सोवळ्या-ओवळ्याच्या त्या घरांमध्ये वार बहुतांशी ब्राह्मण मुलालाच मिळायचा. कुणब्याच्या, महाराच्या, रामोशाच्या हुशार पोराला पुण्यात नाहीतर साताऱ्यात शाळेत घातलं तर तो जेवणार कुठे? त्याला वार लागत नव्हता आणि माधुकरी तर नाहीच नाही. म्हणून त्यांच्या आठवणींत हे शब्दच नाहीत, तिथे वेगळा शब्द आहे, बोर्डिंग. आमच्या सातारा-कोल्हापूरकडे म्हातारी माणसं अजून छाती फुगवून सांगतात, ‘मी बोर्डिंगात होतो’. इंग्रजीत बोर्ड म्हणजे मूळ फळी, मग टेबल, मग त्या टेबलावरचं जेवण, त्यावरून बोर्डिंग, म्हणजे हा शब्द पण शेवटी जेवणाचाच निघाला. शाहू महाराजांनी कोल्हापुरात 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं, मग एकेका समाजाची बोर्डिंगं निघत गेली, अस्पृश्य मुलांसाठी 1908 चं मिस क्लार्क बोर्डिंग. आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने पण 1925 मध्ये सोलापूरला वसतिगृहच काढलं. शाळा होत्या हो, त्या शहरात राहून दोन वेळचं पोटात काय घालायचं हा प्रश्न होता. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्याला 1924 मध्ये सुरू केलेल्या बोर्डिंगात सगळ्या जातींची पोरं एकत्र रांधून एकत्र जेवायची, 1927 मध्ये गांधीजी येऊन त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस नाव देऊन गेले. पोरांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी, म्हणजे कर्मवीरांच्या पत्नीने, अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्र सुद्धा, ही गोष्ट रयतच्या, म्हणजे कर्मवीरांच्या रयत शिक्षण संस्थेच्या, शाळेत शिकलेल्या कुणालाही विचारा.

आणि याच रयतमधला एक शब्द माझा फार लाडका आहे, ‘मुष्टिफंड’. अर्धा संस्कृत अर्धा इंग्रजी, मध्ये मराठी नावालाही नाही आणि तरी शब्द अस्सल मराठी. घरोघरच्या बायकांनी रांधायच्या आधी धान्यातली एक मूठ बाजूला काढून ठेवायची, ते साठलेलं गोळा करून बोर्डिंगला न्यायचं. तत्त्व बघायला गेलं तर भुंग्याचंच, घराघरातून थोडं थोडं, कुणाला जड नाही. फक्त दारात पोरगं उभं नाही. मागण्याचं काम संस्थेने आपल्या अंगावर घेतलं, आणि पोराला क्रियापदं दिली ती ‘कमवा’ आणि ‘शिका’.

जाता जाता ‘अनाथ’ बद्दल, कारण ताईंनी पुढे विचारलंय की वहीत पणजोबा ‘अनाथ विद्यार्थी’ म्हणून स्वतःचा उल्लेख करतात, पण त्यांचे वडील तर तेव्हा जिवंत होते, मग हे कसं? चूक नाहीये ती. नाथ म्हणजे आईबाप नव्हे, नाथ म्हणजे पाठीशी उभा राहणारा. तो नाही तो अनाथ. धोंडो केशव कर्व्यांनी 1896 मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला तो मुख्यतः विधवांसाठी, त्यातल्या कित्येकींचे आईवडील, भाऊ होते की, पण नाथ कोण होतं? पुण्यात 1909 ला निघालेलं अनाथ विद्यार्थी गृह, तेही आईबाप नसलेल्यांपुरतं नव्हतं, गरिबांच्या मुलांचं होतं. विठ्ठल रामजी शिंद्यांनी 1906 मध्ये ‘डिप्रेस्ड क्लासेस मिशन’ काढलं तेव्हा मराठीत ‘निराश्रित साहाय्यकारी मंडळी’ म्हटलं, तो निराश्रितही याच जातकुळीचा, फाळणीनंतर त्याचा अर्थ निर्वासिताकडे सरकला. पुढे या नावांची लाज वाटायला लागली असावी, अनाथ विद्यार्थी गृहाचं पुणे विद्यार्थी गृह झालं, आणि 1955 मध्ये अच्युतराव आपट्यांनी खेड्यातून येणाऱ्या गरीब मुलांसाठी संस्था काढली तिचं नावच विद्यार्थी साहाय्यक समिती, त्यात अनाथ नाही, गरीब नाही, नुसता विद्यार्थी. आता अनाथ म्हटलं की आईबाप नसलेलं मूल एवढाच अर्थ उरलाय.

तेव्हा ताई, वही टाईप करणार असाल तर वाक्य आहे तसंच ठेवा, ‘वार लावून’ चं ‘माधुकरी मागून’ करू नका, पणजोबांनी लावलं लिहिलंय तर लावलंच. खाली टीप द्यायची तर एवढी पुरे: ‘ठरलेल्या वारी ठरलेल्या घरी विनामूल्य जेवणे’. ‘वाराने जेवणे’, ‘वारावर जेवणे’ अशीही रूपं वहीत पुढे सापडतील, तिन्ही बरोबर आहेत. आणि कुठल्या घरी कुठला वार ते त्यांनी लिहून ठेवलंय का तेवढं बघून सांगा, बऱ्याच जणांनी वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलेलं असतं.