माळावरचा तरवड उपटून झाडं लावावीत का?

दादा, बार्शीकडे दोन एकर मुरमाड माळ घेतलाय, त्यावर तरवड माजलाय, गुरं त्याला तोंड लावत नाहीत, तर जेसीबीने साफ करून झाडं लावू का, असं तुम्ही विचारलंय. माझं स्पष्ट मत आहे की जेसीबी अजिबात आणू नका.

आधी तो तरवडच आहे याची खात्री करा. त्याच्या पानात छोट्या पर्णिका जोडीजोडीने असतात, अशा प्रत्येक जोडीमध्ये देठावर बारीक ग्रंथी (गाठीसारखा उंचवटा) असते आणि पानाच्या बुडाशी कानाच्या पाळीसारखी रुंद हिरवी उपपर्णं (छोटी जोडपानं) असतात. फुलं पिवळीधमक, शेंगा चपट्या, कागदासारख्या पातळ. उंची कमरेपासून फार तर डोक्यापर्यंत. पावसाळ्यात उगवून वाळून जाणारा टाकळा वेगळा.

सोलापूर, धाराशिव, बीड हा 500 ते 700 मिलिमीटर पावसाचा पट्टा, तोही बेभरवशाचा. वीतभर माती, खाली मुरूम. अशा ठिकाणी तरवडाचं मूळ मुरमाच्या भेगांतून खोल जातं, म्हणून उन्हाळ्यात गवत वाळून माळ पिवळा पडला तरी तो हिरवा असतो. तेवढी वीतभर माती त्याच मुळांनी धरून ठेवलीय. एकदा यंत्र फिरलं की पहिल्या वळवाच्या पावसात ती ओढ्याला जाईल, आणि मग तुमची झाडं कशात लावणार?

गुरं खात नाहीत हा तुम्हाला दोष वाटतो. त्याचा फायदाही बघा. एखाद्या दाट झुडपाच्या बुडाशी वाकून पाहा. उघड्यावर चरून संपलेलं पवन्या, मारवेल गवत तिथे फांद्यांच्या आडोशाला जीव धरून असतं. बी तिथूनच पसरतं. मात्र तरवडच तरवड दिसत असेल तर त्या माळावर चराई फार झालीय, हेही खरं. त्यावर इलाज चराई थांबवणं हा आहे. दोन पावसाळे माळ बंद ठेवा. फारच दाटी असेल तिथे मधली मधली झुडपं कोयत्याने छाटा, मुळं राहू द्या. तो पुन्हा फुटतो, पण तोवर गवताला ऊन आणि जागा मिळते.

आता फुलांविषयी, कारण मला या झुडपाचं सगळ्यात जास्त अप्रूप त्याचंच आहे. तरवडाच्या फुलात मध नसतो, नुसता पराग असतो, आणि तोही बंद. परागकोश उभे चिरत नाहीत. त्यांच्या टोकाला बारीक छिद्र असतं. मोठा काळा भुंगा येतो, फुलाला घट्ट धरतो आणि पंख न हलवता छातीचे स्नायू थरथरवतो. त्या कंपनाने छिद्रातून पराग उडतो. जवळ उभं राहिलात तर उडतानाच्या गुणगुणीपेक्षा वेगळा, चढा आवाज ऐकू येतो. मधमाशीला हे जमत नाही. भुंगे टिकले तर तुमच्या वांगी-टोमॅटोलाही उपयोग, कारण त्यांचा परागही असाच कंपनाने टोकातून बाहेर पडतो. शिवाय पानांवर पांढरट आणि पिवळ्या फुलपाखरांच्या हिरव्या अळ्या दिसतील, त्यांच्यावर औषध मारू नका.

शेंगवर्गीय आहे म्हणजे मुळांवर गाठी येऊन जमिनीत नत्र साठेल, असं कुणी सांगितलं तर ते धरून चालू नका. तरवडाच्या मुळांवर तशा गाठी येत नाहीत. पालापाचोळ्याचा फायदा आहे, तो निराळा.

लोकांनी याला कधी निरुपयोगी मानलं नाही. साल टॅनिनने, म्हणजे कातडं टिकवणाऱ्या तुरट द्रव्याने, भरलेली, त्यामुळे दक्षिणेत कातडी कमावायला ती पिढ्यानपिढ्या वापरली गेली. पुढे बाहेरून वॅटल या परदेशी बाभळीची साल यायला लागल्यावर तिची मागणी घटली. आपल्याकडे नवरात्रात घटावर तरवडाच्या फुलांची माळ चढते. शेजारच्या तेलंगणात हाच ‘तंगेडू’ बतुकम्मा या सणाची फुलांची रास रचताना हवाच असतो, आणि तो त्या राज्याचं राज्यफूल आहे. फुलांचा काढा मधुमेहावर घेतात, पण त्याच्या भरवशावर डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या बंद करू नका.

झाडं लावायचीच असतील तर बांधाच्या कडेला, जिथे माती खोल आहे तिथे बोर, हिवर, बाभूळ लावा. मधला माळ उघडा राहू द्या. गिरीपुष्प किंवा निलगिरी तर नकोच. चंडोल, धाविक या पक्ष्यांना उघडं रानच लागतं. दाट झाडीत ते राहत नाहीत.

आणि ज्या कोपऱ्यात जमीन अगदी उघडी पडलीय तिथे तरवडच लावा. पिकून तपकिरी झालेल्या शेंगा गोळा करा. बियांचं कवच टणक असतं, म्हणून पाणी उकळून खाली उतरवा, थोडं निवलं की त्यात बी टाका आणि रात्रभर भिजू द्या. मृगाचा चांगला पाऊस झाला की जागेवरच बोटाच्या पेराइतकं खोल टोका. पिशवीत रोपं केलीत तर पिशवी लांब घ्या आणि लवकर लावा, सोटमूळ वळलं की झुडूप नीट धरत नाही. पाणी साचणारी जागा टाळा. शक्य झालं तर माळाचा एक फोटो टाका, गवतं कोणती आहेत ते बघून पुढचं सांगतो.