वाचक विचारतात : गावरस्त्याची दुरुस्ती

प्रश्न : गावापासून फाट्यापर्यंतचा आमचा डांबरी रस्ता एकेरी आहे. उसाचा हंगाम लागला की दुचाकीवाले पडायला सुरुवात होते. ग्रामपंचायतीने निवेदने दिली. बांधकाम विभाग म्हणतो झेडपीकडे जा, झेडपी म्हणते रस्ता आमचा नाही. आता काय करावे? (ता. माढा)

उत्तर : रस्ता कुणाच्या ताब्यात आहे, हे आधी लेखी घ्या. साधारणपणे राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे. उजनीच्या कालव्याकडेचा रस्ता असेल तर तो जलसंपदाचा असू शकतो, आणि मग दोन्ही कार्यालयांतले हेलपाटे फुकट जातात.

माहिती अधिकाराचा अर्ज करा. शुल्क १० रुपये, एका अर्जात एकच विषय, मजकूर १५० शब्दांच्या आत. त्यात एवढेच मागा : रस्त्याचा दर्जा व क्रमांक, शेवटच्या कामाचा कार्यारंभ आदेश, काम पूर्ण झाल्याचा दाखला, दोषदायित्व कालावधी आणि मोजमाप पुस्तिकेची प्रत. ३० दिवसांत उत्तर आले नाही, तर पुढच्या ३० दिवसांत २० रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून पहिले अपील. दोषदायित्वाची तारीख सर्वांत कामाची. ती उलटली नसेल, तर नव्या निधीची वाट बघायची गरज नाही; ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्ती करायची असते. पंतप्रधान ग्रामसडक योजनेतल्या रस्त्याला ही मुदत ५ वर्षांची असते.

उत्तर येईपर्यंत टेप घेऊन रस्ता चाला. ‘रस्ता त्वरित दुरुस्त करावा’ या निवेदनाला ‘निधी उपलब्ध होताच कार्यवाही करू’ याखेरीज दुसरे उत्तर येतच नाही. त्याऐवजी किलोमीटरच्या दगडापासून अंतर मोजून एकेक दोष लिहा : ‘साखळी क्र. २/३५० (म्हणजे २ किलोमीटर ३५० मीटरवर), डावी बाजू, साईडपट्टी डांबरापेक्षा ९ इंच खाली, लांबी ४० मीटर.’ सोबत टेप धरलेला फोटो. अशी यादी उपअभियंत्याला सरळ अंदाजपत्रकात घेता येते.

तुमच्या वर्णनावरून दोष खड्ड्यांपेक्षा साईडपट्टीत असावा. एकेरी ग्रामीण रस्त्याचे डांबर बहुधा ३.७५ मीटर रुंद असते. समोरून दोन ट्रेलरचा ट्रॅक्टर भरून आला की दुचाकीला खाली उतरावेच लागते. पट्टी खचलेली असेल तर पुन्हा वर चढताना चाक डांबराच्या कडेला घासते, हँडल वळते आणि गाडी मागून येणाऱ्या ट्रेलरसमोर आडवी होते. म्हणून यादीत साईडपट्टी पहिली, खड्डे नंतर. आणि पट्टी मुरमाचीच मागा : सुमारे १५ सेंटिमीटरचे थर, पाणी मारून रोलर, उतार बाहेरच्या बाजूला. शेजारच्या शेतातली काळी माती ओढून पट्टी केली, तर पहिल्याच पावसात तिचा चिखल होतो.

कारखान्याकडेही स्वतंत्र पत्र द्या. ट्रेलरला मागे लाल, बाजूंना पिवळे रिफ्लेक्टर हवेत. ते बसवल्याशिवाय गाडी गव्हाणीवर घेऊ नये, एवढे कारखाना करू शकतो. पत्राची प्रत आरटीओला.

प्रश्न : दर दिवाळीला खड्डे भरतात, पावसाळ्यात तेच खड्डे तिथेच पडतात. माल खराब वापरतात का? (ता. मंगळवेढा)

उत्तर : मालही असेल, पण आधी पाणी बघा. तुमच्याकडची काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. डांबराच्या कडेने लांबच लांब चीर दिसत असेल, तर पाणी खालून मुरते आहे. बहुतेक ठिकाणी कडेची चर शेत नांगरताना बुजलेली असते. त्यात सरकारइतकाच आपलाही हात असतो, तेव्हा ग्रामसभेत हद्दीचा विषय टाळू नका. चर मोकळी झाल्याशिवाय वरचे डांबर टिकणार नाही.

खड्डा भरताना उभे राहून पाहा. कडा सरळ, उभ्या आणि चौकोनी कापायला हव्यात, सैल खडी व धूळ काढायला हवी, तळाला आणि कडांना पातळ डांबर मारायला हवे, मग थराथराने मिश्रण भरून दाबायला हवे. झाडूही न मारता घमेल्याने खडी ओतून फावड्याने थापटली, तर ती चाकाखाली आठवड्यात उडते.

प्रश्न : शाळेसमोर गावानेच वर्गणी काढून गतिरोधक घातला तर? (ता. अक्कलकोट)

उत्तर : घालू नका. रस्त्याच्या मालकाच्या परवानगीशिवाय तो बेकायदा आहे, आणि अरुंद, उंच उंचवट्यावर रात्री दुचाकीच उलटते. प्रमाणित गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि मध्यभागी १० सेंटिमीटर उंच असतो. त्यावर पांढरे पट्टे आणि सुमारे ४० मीटर आधी फलक लागतो. मागणी अर्जात हीच मापे लिहा.

प्रश्न : इतके अपघात होऊनही ‘या रस्त्यावर अपघातांची नोंद नाही’ असे उत्तर आले. रास्ता रोको करावा का? (ता. मोहोळ)

उत्तर : करायचा तर पोलिसांना आधी लेखी कळवून करा, पण त्याने नोंद तयार होत नाही. हातपाय मोडलेला माणूस परस्पर दवाखान्यात जातो, तक्रार कुणी देत नाही, आणि कागदावर रस्ता निर्धोक राहतो. इथून पुढे प्रत्येक अपघाताची तारीख, वेळ, साखळी क्रमांक, वाहने आणि दुखापत एका वहीत लिहा, ठाण्यात खबर द्या, नोंदीचा क्रमांक घ्या. मागच्या अपघातांचे दवाखान्याचे कागद जमवा. ही वही, दोषांची यादी आणि ग्रामसभेचा ठराव असे तिन्ही जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे द्या आणि विषय बैठकीच्या टिपणीत घेण्याची विनंती करा. त्याचीच प्रत जिल्हा नियोजन समितीला, शक्यतो दिवाळीच्या आत, कारण पुढच्या वर्षाचा आराखडा हिवाळ्यात ठरतो. प्रत्येक प्रतीवर आवक शिक्का मारून घ्या.