निळं, तरी रक्तच

वरूडजवळच्या गावातून बारावीतल्या एका मुलीने विचारलंय: "रक्त म्हणजे लाल, असं मराठीच्या सरांनी सांगितलं. मग ऑक्टोपसचं 'निळं रक्त' लिहिणं चूक नाही का? आणि काही समुद्री जीवांत ते शिरांबाहेर मोकळं वाहतं, तेही रक्ताभिसरणच का?"

सरांचं बरोबर आहे. 'रञ्ज्' म्हणजे रंगणे. त्यावरून रक्त, म्हणजे रंगलेलं, तांबडं. रक्तचंदन, आरक्त यांत तो रंग अजून आहे. पण तेल हा शब्दही तिळावरून आला, तरी आपण जवसाचं तेल म्हणतोच. तेव्हा 'निळं रक्त' बिनदिक्कत लिही.

मला याहून नवल वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. 'तांबडा' शब्द तांब्यावरून आलेला, आणि ऑक्टोपसचं रक्त निळं होतं तेही तांब्यामुळेच! त्याच्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारं जे प्रथिन आहे, हिमोसायनिन, त्यात लोहाऐवजी तांबं असतं. प्राणवायू धरला की ते निळं दिसतं, सोडला की रंग जातो. संत्र्याच्या बुंध्याला बोर्डो मलम लावायचं म्हणून घरी मोरचूद भिजत घालतात ना, ती निळाईही तांब्याचीच. आपलं रगत लाल होतं लोहामुळे. आणि हे 'लोह' तरी काय? संस्कृतात त्याचा जुना अर्थ तांबडा धातू, म्हणजे तांबंच. लोखंडाला ते नाव नंतर चिकटलं.

आता अभिसरण. यात 'सृ' धातू आहे: सरणे, जाणे. प्रियकराकडे निघालेली अभिसारिका यातलीच. ऑक्टोपसचं रक्त नळ्यांतूनच फिरतं. दोन हृदयं ते कल्ल्यांतून ढकलतात, तिसरं बाकी शरीराला पुरवतं. झिंगा, खेकडा यांच्यात मात्र ते धमन्यांतून बाहेर पडून अवयवांभोवती पसरतं आणि परत हृदयाकडे येतं. एक पाइपातलं पाणी, दुसरं मोकाट ओलित. मोकाट सोडलं तरी आपण 'पाणी दिलं' असंच म्हणतो, तसं हेही अभिसरणच. या मोकळ्या द्रवात रक्त आणि ऊतींमधला द्रव वेगळे राहत नाहीत, म्हणून त्याला हिमोलिंफ म्हणतात; परीक्षेत तो शब्द वापर.

सी स्क्वर्ट नावाच्या, खडकाला चिकटून राहणाऱ्या जीवाचं हृदय तर थोडा वेळ एकीकडे रक्त ढकलतं, थांबतं, मग उलट दिशेने ढकलू लागतं. आपला शब्द 'रक्तचक्र' असता तर इथे अडला असता. अभिसरणात सरणं आहे, वर्तुळ नाही, म्हणून तो इथेही चालतो.