आधी इलेक्ट्रिशियन हो, मग सोलरवाला

तुझा प्रश्न दोनदा वाचला. तू इलेक्ट्रिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला, बाबा २२ वर्षं औष्णिक वीज केंद्रात इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला, केंद्र काही वर्षांत बंद होणार असं कानावर आलंय, आणि दोघांनी क्लीन एनर्जीचा कुठला कोर्स करावा असं विचारलंयस. मी सोलर आणि बॅटरीच्या कामात १६ वर्षं आहे, त्याआधी कारखान्यांच्या वायरिंगला होतो, तर जे बघितलंय ते सांगतो, जरा लांबेल.

कोर्स सध्या बाजूला ठेव. नोकऱ्या आहेत यात वाद नाही, आयरेनाच्या (अक्षय ऊर्जेच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या) हिशोबाने २०२३ मध्ये जगभरात अक्षय ऊर्जेत सुमारे १.६२ कोटी लोक होते आणि त्यातले ७० लाखांवर एकट्या सोलरमध्ये. पण कोर्स विकणारे हा आकडा दाखवतात आणि एक गोष्ट गाळतात, की यातलं बरंच काम कारखान्यात पॅनेल बनवण्याचं आणि साइटवर उभारणीचं असतं. उभारणी संपली की माणसं पुढच्या साइटवर जातात, आणि प्लांट चालवायला मोजकीच माणसं उरतात. त्या मोजक्यांत राहायचं असेल तर फॉल्ट शोधता आला पाहिजे. पॅनेल उचलून नटबोल्ट आवळणं आठवड्यात येतं रे कुणालाही.

मी इंटरव्ह्यू घेतो तेव्हा एकच प्रश्न आधी विचारतो, थंडीत पॅनेलचं व्होल्टेज वाढतं की कमी होतं? दहातले सात जण म्हणतात कमी होतं, ऊन कमी असतं ना. चूक. ऊन कमी झालं की मुख्यतः करंट पडतो, व्होल्टेज थंडीत चढतं. समज एका पॅनेलचं ओपन सर्किट व्होल्टेज (काहीच लोड जोडलेला नसतानाचं) २५ अंशाला ५० व्होल्ट आहे आणि डेटाशीटवर तापमान वाढलं की दर अंशाला ०.२७ टक्के घट असं लिहिलंय, तर शून्य अंशाला ते ५३ च्या वर जातं. २० पॅनेलची स्ट्रिंग, म्हणजे एकापुढे एक जोडलेली माळ, कागदावर १००० व्होल्ट दिसते, गार सकाळी ती १०६८ होते, आणि इन्व्हर्टरची (पॅनेलची डीसी वीज एसीत बदलणाऱ्या यंत्राची) मर्यादा १००० ची असेल तर तो गेला. हा गुणाकार ज्याला डेटाशीट बघून स्वतः करता येतो त्याला मी सर्टिफिकेट विचारत नाही.

आता डीसीबद्दल, म्हणजे पॅनेल आणि बॅटरीतून एकाच दिशेने वाहणाऱ्या करंटबद्दल, कारण कॉलेजात हे फार वरवर शिकवतात. एसी ५० हर्ट्झला सेकंदात १०० वेळा शून्यावर येतो, त्यामुळे स्विच उघडताना पडलेला आर्क (हवेतून उडणारी विजेची ज्योत) विझायला संधी मिळते. डीसीत शून्यच नाही, आर्क ओढला की ओढलाच. माझ्याच हातून झालेलं सांगतो. आयसोलेटरचा (लाइन तोडायच्या स्विचचा) दांडा बंदवर होता, तारेभोवती अडकवून करंट मोजायचा क्लॅम्प मीटर लावला, शून्य दाखवलं, म्हणून कनेक्टर ओढला आणि बोटभर लांब निळसर ज्योत निघाली, ग्लोव्ह होता म्हणून हात वाचला. नंतर कळलं की आयसोलेटरचे आतले कॉन्टॅक्ट चिकटलेले होते, आणि मीटर फक्त एसी मोजणारा होता, त्याला डीसी दिसतच नाही. डीसीसाठी हॉल सेन्सरवाला क्लॅम्प लागतो. मला हे माहीत नव्हतं असं नाही, घाईत पेटीतून हाताला आला तो मीटर उचलला, बस. तेव्हापासून नवीन पोराला मी पहिल्या दिवशी फक्त मीटर ओळखायला लावतो, कुठला किती व्होल्टपर्यंतचा, १५०० व्होल्टच्या प्लांटवर १००० चा मीटर का लावायचा नाही, आणि इन्व्हर्टर बंद केल्यावरही कपॅसिटर उतरेपर्यंत लेबलवर लिहिलेली मिनिटं थांबून परत मोजायचं. बॅटरीत तर बंद करणं हा प्रकारच नाही, बाहेरून तोडली तरी सेलमध्ये व्होल्टेज असतंच.

कॉलेजच्या प्रोजेक्टला एलईडी लावलेलं मॉडेल करू नकोस. एक जुनं, तीन बायपास डायोडवालं (सावलीतल्या सेलना वळसा घालून करंट नेणारे डायोड) पॅनेल मिळव, सरांना सोबत घेऊन त्यावर लोड लाव आणि एकच सेल पुठ्ठ्याने झाक. व्होल्टेज साधारण एक तृतीयांशाने का पडलं हे तुला पाच मिनिटं नीट समजावता आलं तर इंटरव्ह्यूची अर्धी तयारी झाली.

पवनचक्कीचं थोडक्यात, शंभर मीटर उंचीवर हार्नेस घालून दिवसभर काम जमतं का हे आधी बघ. जीडब्ल्यूओचं (पवनऊर्जा कंपन्यांच्या जागतिक संस्थेचं) सेफ्टी ट्रेनिंग बऱ्याच ठिकाणी मागतात आणि ते दर दोन वर्षांनी रिफ्रेश करावं लागतं, त्यामुळे नोकरीची बोलणी नसताना स्वतःच्या खिशातून आधीच करून ठेवण्यात अर्थ नाही.

बाबांचं मात्र वेगळं. त्यांना शून्यापासून बेसिक सोलर कोर्सला बसवू नकोस, तो त्यांचा अपमान आहे. ट्रान्सफॉर्मर, ब्रेकर, रिले (फॉल्ट ओळखून ब्रेकर पाडणारा), अर्थिंग, परमिट घेऊन शटडाऊन, स्वतःचं कुलूप आणि टॅग लावून काम, हे सगळं मोठ्या सोलर प्लांटच्या आणि बॅटरी स्टेशनच्या स्विचयार्डमध्ये जसंच्या तसं लागतं आणि तिथे नवीन पोरं कच्ची असतात. शिवाय ग्रिडची फ्रिक्वेन्सी पडली की काय होतं हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. औष्णिक केंद्रात फिरणारा जड रोटर क्षणभर तोल सांभाळतो, इन्व्हर्टरमध्ये फिरणारं काहीच नाही, ते काम कंट्रोलने करावं लागतं, आणि दोन्ही बाजू कळणारा माणूस सहज मिळत नाही. त्यांना नवीन शिकायचंय ते डीसी, इन्व्हर्टरची सेटिंग आणि कॉम्प्युटरवरचा डेटा वाचणं, एवढंच. खोटा दिलासा देत नाही, बॉयलर आणि कोळसा हाताळणीवाल्या त्यांच्या मित्रांना इतकं सोपं जाणार नाही, आणि बाबांनाही कदाचित गाव सोडावं लागेल किंवा सुरुवातीला हुद्दा खाली घ्यावा लागेल. म्हणून केंद्र बंद व्हायची वाट न बघता आत्ताच कामाची वही करायला सांग, कुठलं उपकरण, काय फॉल्ट, कसा काढला. बायोडेटात '२२ वर्षांचा अनुभव' लिहिलेलं कुणी वाचत नाही, ती वही वाचतील.

आणि त्यांनी रिले टेस्टिंग स्वतः केलंय की फक्त स्विचिंग, एवढं विचारून इथे टाक, त्यावर पुढचं बरंच ठरतं.