पापांची वही

"मॅडम, मागच्या जन्मीचं माझंच काही असेल का हो?" थॅलेसेमिया या, रक्तातले हिमोग्लोबिन नीट न बनणाऱ्या आनुवंशिक आजाराने ग्रासलेल्या मुलांच्या आयांनी हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला आहे की, नवीन आई समोर येऊन बसली आणि तिने पदराचे टोक बोटाला गुंडाळायला सुरुवात केली की तो येणार हे मला कळते. एखादी मुसलमान आई हा अल्लाहचा कोप आहे का, असे विचारते. एखादा ख्रिस्ती बाप आपल्या घराण्याच्या पापाची शिक्षा लेकराला मिळते आहे का, असे विचारतो. शब्द निराळे असले तरी पोटातली भीती एकच असते. अशाच एका आईचा अनुभव, ओळख पटू नये इतके तपशील बदलून, येथे लिहीत आहे.

मुलगा चौदा महिन्यांचा होता. सहा-सात महिन्यांचा असताना तो पांढराफटक दिसू लागला, दूध घेईना, वजन वाढेना. तेव्हा तपासण्या झाल्या आणि निदान कळले. त्यानंतर दर तीन आठवड्यांनी रक्त देणे सुरू झाले. मी पहिल्यांदा भेटले तेव्हा त्याच्या हाताला पुठ्ठ्याची पट्टी बांधलेली होती, सुई हलू नये म्हणून त्याच्या आईने, म्हणजे या ताईंनी, तो हात दोन बोटांत धरून ठेवला होता, आणि त्यांची नजर मुलाकडे नसून वर टांगलेल्या रक्ताच्या पिशवीकडे लागलेली होती. सोमवार, गुरुवार आणि शनिवार असे तीन उपवास त्या करत होत्या. बारशाला आलेल्या एका जवळच्या नातेवाईक बाईंनी आजाराचे कळल्यावर "कुठल्या जन्मीचं आईचं पाप लेकराच्या अंगावर आलं" असे सर्वांदेखत म्हटले होते. ते वाक्य त्यांच्या मनात घर करून बसले होते.

दुसऱ्या भेटीत त्यांनी पिशवीतून दोनशे पानी वही काढून माझ्यापुढे ठेवली. मागचा जन्म आठवत नाही, म्हणून त्यांनी या जन्मातली पापे लिहून काढली होती, ओळीने, आकडे घालून, एकूण त्रेचाळीस. सातवीत मैत्रिणीची कंपासपेटी लपवली. माळ्याचे दार लावले तेव्हा आत मांजरीची पिल्ले आहेत हे ठाऊक नव्हते. गरोदरपणात ग्रहण पाहिले. एकतिसाव्या आकड्यापुढे मात्र एवढेच होते: "अण्णा." ते अक्षर बाकीच्यांपेक्षा बारीक होते.

सुरुवातीच्या वर्षांत अशा वेळी मी "असं काही नसतं, मनातून काढून टाका" असे सांगून मोकळी होत असे. माणसे मान डोलवत आणि पुन्हा माझ्याकडे येत नसत. ज्या श्रद्धेच्या आधाराने बाई उभी आहे ती श्रद्धाच खोटी आहे असे म्हटल्याने तिचा अपराधभाव कमी होत नाही, ती फक्त अधिक एकटी पडते. म्हणून या ताईंना मी आधी एक कागद घेऊन आजाराचे कारण काढून दाखवले. आई आणि बाप दोघेही थॅलेसेमियाचे वाहक असतील, म्हणजे दोघांच्याही पेशींत हिमोग्लोबिन घडवणाऱ्या त्या जनुकाची एक प्रत सदोष असेल, तर प्रत्येक गरोदरपणात मुलाला दोन्ही सदोष प्रती मिळण्याची शक्यता 25 टक्के असते, आईबापांसारखेच वाहक होण्याची 50 टक्के आणि पूर्णपणे मुक्त असण्याची 25 टक्के. वाहकाला स्वतःला सहसा काहीच त्रास नसतो, त्यामुळे तपासणी केल्याशिवाय हे कळत नाही. ग्रहणाचा, मांजरीचा, कंपासपेटीचा त्या जनुकाशी काहीही संबंध नाही.

त्यांनी कागद नीट पाहिला आणि विचारले, "हे कळलं. पण चारातला तो एक माझाच का?" या प्रश्नाला वैद्यकाजवळ उत्तर नाही, आणि नेमक्या याच जागी माणूस कर्माकडे वळतो. तेव्हा मी त्यांना जे सांगितले, तेच इथे थोडे सविस्तर मांडते.

जसे पेराल तसे उगवेल, ही समजूत एका धर्माची नाही. बायबलमध्ये पौलाने गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात माणूस जे पेरतो त्याचेच पीक त्याला मिळेल असे म्हटले आहे. कुराणाच्या नव्व्याण्णवाव्या सूरेत, म्हणजे अध्यायात, कणभर चांगले आणि कणभर वाईटही न्यायाच्या दिवशी दिसेल असे आहे. गुरू नानकांच्या जपजी या शीख प्रार्थनेत माणूस स्वतःच पेरतो आणि स्वतःच खातो असे आहे. जैन विचारात तर कर्म म्हणजे जीवाला चिकटणारे सूक्ष्म पुद्गल, म्हणजे जडद्रव्याचे कण, आणि ते झडून जाण्याला निर्जरा म्हणतात. पुनर्जन्म कोणी मानतात, कोणी मानत नाहीत. हिशेब कोण ठेवतो याविषयीही मोठे मतभेद आहेत. परंतु दुसऱ्याच्या दुःखावर बोट ठेवून त्यामागचे पाप ओळखता येते का, या मुद्द्यावर हेच धर्म फार सावध आहेत. योहानाच्या शुभवर्तमानात जन्मांध माणसाला पाहून शिष्य विचारतात की, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे. येशू दोन्ही नाकारतो. एकाचे ओझे दुसरा वाहणार नाही, हे कुराणात अनेकदा आले आहे. संयुत्त निकाय या बौद्ध ग्रंथात मोळियसीवक नावाचा परिव्राजक बुद्धाला विचारतो की, सारी सुखदुःखे पूर्वकर्मामुळेच असतात का. बुद्ध पित्त, कफ, वात, ऋतुबदल, आघात अशी आठ कारणे मोजतात आणि कर्मविपाक, म्हणजे कर्माचे फळ, हे त्यांतले केवळ एक. अंगुत्तर निकाय या दुसऱ्या बौद्ध ग्रंथात तर कर्मविपाक अचिंत्य मानला आहे, त्याच्या मागे लागणाऱ्याच्या वाट्याला वेड आणि मनस्ताप येतो असे म्हटले आहे. आणि आपल्या गीतेतही चौथ्या अध्यायात "गहना कर्मणो गतिः" असे आहेच.

अमुक पापाने अमुक रोग होतो असे सांगणारे कर्मविपाकाचे ग्रंथ आपल्याकडे आहेत, हेही मी त्यांच्यापासून लपवले नाही. पण ज्याची गती गहन आहे असे साक्षात श्रीकृष्ण म्हणतात, ती बारशाला आलेल्या बाईंना एका वाक्यात कशी कळली, एवढेच मी विचारले. ताई बराच वेळ गप्प राहिल्या.

त्या नातेवाईक बाई दुष्ट होत्या असे मला वाटत नाही. मेल्विन लर्नर आणि कॅरोलिन सिमन्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 1966 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एका स्त्रीला विजेचे झटके बसत असल्याचा आभास निर्माण केला होता. तिचा त्रास आपल्याला थांबवता येत नाही असे दिसल्यावर पाहणाऱ्यांचे तिच्याविषयीचे मतच वाईट होऊ लागले. जग न्यायी आहे हा विश्वास टिकवण्यासाठी माणूस दुःखिताला दोषी ठरवतो. स्वतःला दोष देण्यातही तेच असते: पाप माझे असेल तर उपास करून ते मला फेडता तरी येईल, ही आशा त्यात असते. ती आशा काढून घ्यायची, तर तिच्या जागी हाताला खरे काम द्यावे लागते.

म्हणून आम्ही वही पुन्हा उघडली आणि प्रत्येक नोंदीपुढे दोनच गोष्टी तपासल्या: ते जाणूनबुजून केले होते का, आणि आज त्याचे काही भरून देता येते का. बेचाळीस नोंदी एकेक करून गळाल्या. कंपासपेटीपाशी तर त्या चक्क हसल्या. एकतिसावी उरली. जमिनीच्या वाटणीवरून भावाशी भांडण झाल्यामुळे वडिलांच्या शेवटच्या आजारपणात त्या माहेरी गेल्या नव्हत्या. हा अपराधभाव खरा होता, आणि तो मी पुसण्याचा प्रयत्न केला नाही. मुलाच्या रक्ताशी त्याचा संबंध नव्हता, पण अण्णांशी होता, भावाशी होता, आणि वडिलांना रात्रंदिवस उचलून बसवणाऱ्या वहिनीशी तर सर्वांत जास्त होता. संचित, म्हणजे मागचे साठलेले कर्म, आपल्या हातात नाही, क्रियमाण, म्हणजे आत्ता करतो ते, आहे, हे त्या स्वतःच म्हणाल्या. कीर्तनात ऐकलेले होते. पुढच्या रक्ताच्या तारखेच्या आधी त्या माहेरी जाऊन आल्या. भाऊ फारसे बोलले नाहीत. वहिनींनी मात्र अण्णांचा चष्मा काढून दिला, तो त्यांनी मला दाखवायला आणला होता.

शनिवार-गुरुवारचे उपवास सुटले. सोमवार त्यांना ठेवायचा होता, तो राहिला. त्यानंतर एक गोष्ट त्यांनी आपणहून काढली. नणंदेचे लग्न ठरत होते, आणि घराण्याला बोल लागेल या भीतीने सासरी आजाराचा उच्चारही होत नव्हता. वाहकाच्या सख्ख्या भावंडांपैकी प्रत्येकाला वाहक असण्याची निदान 50 टक्के शक्यता असते हे मी कागदावर काढून दिले होते, तो कागद ताईंनी सासऱ्यांपुढे ठेवला. वाहक ओळखणारी एचबीए2 ही रक्ततपासणी झाली, नणंद वाहक निघाली. मुलाकडच्यांना ते सांगायचे की नाही यावर घरात दोन दिवस वाद झाला, शेवटी सांगितले गेले, आणि त्या मुलानेही तपासणी करून घेतली. तो वाहक नव्हता. लग्न वैशाखात झाले.

वही अजून त्यांच्या पिशवीत असते. मागच्या बाजूने त्यात मुलाचे हिमोग्लोबिन, लोहाचे प्रमाण आणि पुढच्या रक्ताची तारीख लिहिलेली असते, आणि मी आकडे विचारले की त्या पान न उघडताच सांगतात.