ऊसतोडीला गेलेल्या मुलीचे नाव शाळेने पटावरून कमी केले, आता आठवीत प्रवेश कसा मिळेल?

प्रश्न : आम्ही बीड जिल्ह्यातील एका लहान गावचे आहोत. माझे थोरले बंधू आणि वहिनी दरवर्षी दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला सांगली जिल्ह्यात जातात. माझी पुतणी गावच्या जिल्हा परिषद शाळेत सातवीत होती. एरवी ती आजीजवळ राहत असे, पण या वर्षी आजी अंथरुणाला खिळल्यामुळे तिलाही आईवडिलांसोबत जावे लागले. पहिल्या सत्राची परीक्षा तिने दिली होती. कारखान्याजवळच्या शाळेने ‘दाखला आणा’ असे सांगून तिला बसू दिले नाही. इकडे गावच्या शाळेने जानेवारीत ‘सतत गैरहजर’ असा शेरा मारून तिचे नाव कमी केले. एप्रिलमध्ये परत आल्यावर मुख्याध्यापक म्हणतात की वर्ष वाया गेले, जूनमध्ये पुन्हा सातवीत बसवा. गावात सातवीपर्यंतच शाळा आहे. शेजारच्या गावातील अनुदानित हायस्कूल सातवी उत्तीर्ण झाल्याच्या दाखल्याशिवाय आठवीत घेत नाही. ऑगस्टमध्ये तिला चौदा वर्षे पूर्ण होतील. शाळा सुटलीच आहे तर स्थळ बघावे, असे घरात बोलणे सुरू झाले आहे. भाऊ-वहिनींना कागदपत्रांतले काही कळत नाही. मी चुलता म्हणून काही करू शकतो का?

उत्तर : होय, आपण करू शकता, आणि जूनच्या मध्यात शाळा उघडण्यापूर्वीच करावे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ या कायद्याच्या कलम ३२ नुसार बालकाच्या शिक्षणहक्काबाबत तक्रार असलेली ‘कोणतीही व्यक्ती’ लेखी तक्रार करू शकते. त्यामुळे तक्रारीवर आईवडिलांचीच सही हवी असा आग्रह कोणी धरला, तर तो मान्य करण्याचे आपल्यावर बंधन नाही. तरीही वहिनींची सही किंवा अंगठा मिळत असेल तर अवश्य घ्यावा, म्हणजे आपल्या अधिकाराविषयी वाद घालण्यात कोणाचा वेळ जाणार नाही.

सर्वप्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण आपल्या पत्रातून अपराधीपणाचा सूर जाणवतो. शाळेतील उपस्थितीची जबाबदारी केवळ पालकांवर आहे, ही समजूत कायद्याला धरून नाही. मुलाला शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य कलम १० मध्ये सांगितले आहे, हे खरे. परंतु ‘सक्तीचे शिक्षण’ या शब्दांतील सक्ती कायद्याने शासनावर आणि स्थानिक प्राधिकरणावर घातली आहे. प्रत्येक बालकाचा प्रवेश, त्याची उपस्थिती आणि त्याने प्राथमिक शिक्षण पूर्ण करणे या तिन्ही गोष्टी होतील हे त्यांनी पाहायचे आहे. कलम ९ मध्ये स्थानिक प्राधिकरणाच्या, म्हणजे येथे जिल्हा परिषदेच्या, कर्तव्यांत आपल्या हद्दीत राहणाऱ्या प्रत्येक बालकाच्या उपस्थितीवर देखरेख ठेवणे आणि स्थलांतरित कुटुंबांतील बालकांना प्रवेश मिळेल याची खातरजमा करणे, ही दोन्ही कर्तव्ये स्वतंत्रपणे नमूद केली आहेत. त्यामुळे पुतणी गावात होती तोवर ती बीड जिल्हा परिषदेची जबाबदारी होती आणि ज्या दिवशी ती फडावरच्या कोपीत राहायला गेली त्या दिवसापासून ती सांगली जिल्हा परिषदेचीही जबाबदारी झाली. ती दोन्हींच्या मधल्या फटीत पडली, यात तिचा किंवा तिच्या आईवडिलांचा दोष नाही.

आता नाव कमी करण्याविषयी. कलम १६ नुसार प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत कोणत्याही बालकाला शाळेतून काढून टाकता येत नाही. मुख्याध्यापक म्हणतील की आम्ही काढले नाही, ती येत नव्हती म्हणून पटावरून नाव कमी केले. माझ्या मते हा युक्तिवाद टिकणारा नाही, कारण परिणाम एकच आहे, मूल शाळेच्या बाहेर गेले. एक महिन्याहून अधिक काळ गैरहजर राहिलेल्या मुलाला ‘शाळाबाह्य’ म्हणून नोंदवण्याची पद्धत आपल्या राज्यात आहे, परंतु ती नोंद मुलाला शोधून परत आणण्यासाठी करायची असते. तिचा आधार घेऊन नाव खोडणे हा त्या तरतुदीचा उलटा वापर आहे. शिवाय कुटुंब दरवर्षी कोयता घेऊन कोठे जाते हे गावच्या शाळेला ठाऊक नव्हते, असे कोणी म्हणू शकणार नाही. स्थलांतर करणाऱ्या मुलांना निघण्यापूर्वी शिक्षण हमी पत्रक देण्याची व्यवस्था राज्यात आहे. त्या पत्रकात मुलाची इयत्ता आणि त्याची प्रगती लिहिलेली असते आणि ते दाखवून जेथे जाईल तेथील शाळेत बसता येते. आपल्या पत्रात या पत्रकाचा उल्लेखही नाही, म्हणजे ते बहुधा दिलेच गेले नाही. तक्रारीत हा मुद्दा ठळकपणे लिहावा.

कारखान्याजवळच्या शाळेचे चुकले, हे तर निःसंशय. कलम ५ स्पष्टपणे सांगते की दाखला सादर करण्यास उशीर झाला या कारणावरून प्रवेश लांबवता किंवा नाकारता येणार नाही. वयाचा पुरावा नसणे किंवा सत्राच्या मध्येच येणे ही कारणेही अनुक्रमे कलम १४ व १५ नुसार चालत नाहीत. त्या शाळेविरुद्ध तक्रार करायची असेल तर सांगलीच्या प्राथमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे करता येईल आणि पुढच्या हंगामात तेथे जाणाऱ्या इतर मुलांसाठी ती करावी असे मला वाटते. मात्र आजची निकड आठवीच्या प्रवेशाची आहे, म्हणून शक्ती प्रथम तेथे लावावी.

पुन्हा सातवीत बसवण्याचा मुख्याध्यापकांना अधिकार नाही. २०१९ च्या दुरुस्तीने मुलांना मागे ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली हे खरे, पण ती फक्त पाचवी आणि आठवी या दोन इयत्तांपुरती आहे, आणि तेथेही आधी जादा मार्गदर्शन देऊन निकालानंतर दोन महिन्यांच्या आत पुनर्परीक्षा घ्यावी लागते. सातवीला ती तरतूद लागू नाही. पुतणीने पहिल्या सत्राचे संकलित मूल्यमापन दिलेले आहे, त्याच्या नोंदी शाळेकडे असल्याच पाहिजेत. बुडालेल्या सत्राचे काय, याचे उत्तर कलम ४ मध्ये आहे. ज्या बालकाचे प्राथमिक शिक्षण अपुरे राहिले त्याला त्याच्या वयाला अनुरूप वर्गात घ्यायचे आणि बाकीच्यांच्या बरोबरीला येण्यासाठी विशेष प्रशिक्षण द्यायचे. हे प्रशिक्षण नियमांनुसार किमान तीन महिन्यांचे असते आणि गरजेप्रमाणे दोन वर्षांपर्यंत वाढवता येते. तेरा वर्षे पूर्ण झालेल्या मुलीचा वयानुरूप वर्ग आठवी हाच आहे. चौदा वर्षे पूर्ण झाल्यावर हक्क संपेल ही भीतीही बाळगू नये, कारण अशा प्रकारे प्रवेश घेतलेल्या बालकाला चौदा वर्षांनंतरही प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मोफत शिक्षण मिळते.

आठवीत नुसते बसवून घेतल्याने मुलीचे भले होईल असे मात्र मी म्हणणार नाही. सहा महिने जिने धाकट्या भावंडाला सांभाळले आणि चुलीपुढे भाकरी थापल्या, तिला पूर्णांक आणि समीकरणे आपोआप कशी येतील? म्हणून प्रवेशाच्या अर्जातच विशेष प्रशिक्षणाची मागणी लिहावी आणि ते कोण देणार, कोणत्या तासाला देणार, हे लेखी मागावे. बहुतेक प्रकरणांत प्रवेश मिळतो आणि हा दुसरा भाग कोणी विचारत नाही, मग दिवाळीपर्यंत मूल पुन्हा गळते.

हायस्कूलबाबत कलम ५ आपल्या बाजूने आहे. ज्या शाळेत प्राथमिक शिक्षण पूर्ण करण्याची सोय नाही, तेथील बालकाला दुसऱ्या शाळेत बदलून जाण्याचा हक्क आहे. त्यातून विनाअनुदानित आणि विनिर्दिष्ट प्रवर्गातील (केंद्रीय विद्यालय, नवोदय, सैनिकी शाळा यांसारख्या) शाळा वगळल्या आहेत, अनुदानित शाळा वगळलेली नाही. गावच्या मुख्याध्यापकांनी दाखला तत्काळ द्यायचा आहे आणि त्यास विलंब करणारे मुख्याध्यापक शिस्तभंगाच्या कारवाईस पात्र ठरतात.

प्रत्यक्षात क्रम असा ठेवावा. आधी गावच्या मुख्याध्यापकांना भेटून लेखी अर्ज द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी. अर्जात इतके पुरे : ‘कुटुंबाच्या हंगामी स्थलांतरामुळे विद्यार्थिनी दुसऱ्या सत्रात उपस्थित राहू शकली नाही. तिचे नाव पटावर पूर्ववत घ्यावे, पहिल्या सत्राच्या नोंदींसह प्रगतिपत्रक द्यावे आणि कलम ५ नुसार इयत्ता आठवीसाठी शाळा सोडल्याचा दाखला द्यावा.’ दाखल्यावर ‘सतत गैरहजर’ हा शेरा राहणार नाही याकडे लक्ष द्यावे, शाळा सोडण्याचे कारण ‘पुढील शिक्षणासाठी’ असे असावे. यू-डायस प्लस या शाळांच्या माहितीच्या सरकारी संगणकीय नोंदीत तिचे नाव ड्रॉपबॉक्समध्ये, म्हणजे शाळेच्या पटावरून कमी झालेल्या मुलांच्या यादीत, टाकले असेल, तर हायस्कूलला तेथून ते आपल्या शाळेत घेता येते, हेही विचारून ठेवावे. मुख्याध्यापकांशी बोलताना आवाज चढवू नये. बऱ्याच वेळा त्यांच्यावर वरून पट पडताळणीचा दबाव असतो आणि नियम सांगितला की ते ऐकतात.

आठ दिवसांत काही झाले नाही तर त्याच अर्जाच्या प्रती जोडून पंचायत समितीच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जावे आणि निर्णय होईपर्यंत हायस्कूलमध्ये तात्पुरता प्रवेश देण्याचा लेखी आदेश मागावा. त्याच वेळी जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे कलम ३२ ची तक्रार दाखल करावी. तिचा निकाल तीन महिन्यांत लागला पाहिजे आणि त्यावर महाराष्ट्र राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. तीन महिने म्हणजे सप्टेंबर उजाडेल, म्हणून केवळ तक्रारीवर विसंबू नये असे मी आग्रहाने सांगतो. उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठात रिट याचिकेचा मार्ग खुला आहे, परंतु अशी प्रकरणे बहुधा गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या टेबलावरच सुटतात. वकिलाची गरज पडल्यास तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार स्त्रिया आणि बालके यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

स्थळ बघण्याच्या बोलण्याविषयी मी आपणास कळकळीने विनंती करतो की चुलता म्हणून आपण ते तेथेच थांबवावे. अठरा वर्षांखालील मुलीचे लग्न लावणाऱ्यांना आणि ते होऊ देणाऱ्या पालकांना बालविवाह प्रतिबंध अधिनियम, २००६ नुसार दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. घरचे ऐकत नसतील तर १०९८ या क्रमांकावर किंवा ग्रामसेवकांना कळवता येते, ग्रामीण भागात तेच बालविवाह प्रतिबंध अधिकारी असतात. आजीची काळजी आणि मुलीला मागे ठेवण्याची भीती ही खरी कारणे आहेत हे मी जाणतो, आणि त्यांवर उपाय निवासाच्या सोयीतच आहे. मराठवाड्यातील काही तालुक्यांत कस्तुरबा गांधी बालिका विद्यालये आहेत. ती शाळेपासून तुटलेल्या मुलींसाठीच असून तेथे राहण्या-जेवणाची मोफत व्यवस्था असते. गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जाल तेव्हा आपल्या जवळच्या विद्यालयात आठवीची जागा आहे का, हे त्याच भेटीत विचारावे.

धाकटे भावंड गावच्या शाळेत जात असेल, तर त्याच्यासाठी सप्टेंबरमध्येच शाळा व्यवस्थापन समितीकडे हंगामी वसतिगृहाची (पालक स्थलांतरित असताना मुलांना गावातच ठेवण्याच्या सोयीची) लेखी मागणी नोंदवावी, कारण टोळ्या गाडीत बसल्यावर दिलेल्या अर्जाचा त्या हंगामात उपयोग होत नाही. त्यालाही सोबत न्यावेच लागले, तर शिक्षण हमी पत्रक हातात पडल्याशिवाय निघू नये.